वामनरावांचे केस

एके काळी आमच्या आळीतल्या निम्म्या माणसांना वामनराव माईणकरांच्या केसांची काळजी लागून राहिली होती. कोणाला हसू आलं तर येऊ दे, तेव्हा आम्ही हसत नव्हतो. वामनराव समोरून येताना दिसले की माणसं आधी त्यांच्या डोक्याकडे बघायची, मग मिशीकडे, आणि दोन्ही जागच्या जागी आहेत अशी खात्री पटली की मग विचारायची, "काय वामनराव, अण्णा बरे आहेत ना?" वडिलांच्या प्रकृतीची चौकशी अशी मुलाच्या डोक्यावरून करायची पद्धत आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही.

माईणकर आमचे शेजारी. मधे फक्त एक सामाईक विहीर. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती. तेव्हाची डोंबिवली म्हणजे कौलारू घरं, भाताची खाचरं आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या ओटीवर टांगलेला कंदील. वामनराव ठाण्याला कचेरीत कारकून होते. घरात बायको मालतीबाई, एक मुलगी आणि दम्यानं जर्जर झालेले वडील. त्यांना सगळी आळी अण्णा म्हणायची. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, भावाकडे राहत होते, लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, आणि गणेशोत्सवातल्या नाटकांत वामनरावांच्या बायकोची कामं करत होते. यावरून जे बोलणारे होते ते बोललेच. मालतीबाई मात्र पहिल्या रांगेत बसायच्या आणि प्रयोग संपल्यावर मला म्हणायच्या, "कुसुमताई, दुसऱ्या अंकात त्यांच्यावर जरा आणखी रागवा हो. घरी माझ्याच्यानं होत नाही."

वामनराव घाबरट होते. मी हे मायेनं म्हणते, पण दुसरा शब्द नाही. छत्री बाराही महिने काखेत. कुलूप लावून झालं की ओढून बघायचं, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून बघायचं. सकाळच्या गाडीला इतक्या आधी जाऊन उभे राहायचे की एकदा स्टेशनमास्तरांनीच विचारलं, "माईणकर, कालची चुकली की आजची यायचीय?" तारवाला सायकलवरून आळीत शिरला की यांच्या हातातला घास हातातच राहायचा. आणि लग्न असो, बारसं असो, तोंडी एकच वाक्य, "आता काही व्हायला नको म्हणजे झालं." शाळेतलं पहिलं झेंडावंदन झालं, पोरींना पेढे वाटले, माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि हे छत्री सावरत माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, आता काही व्हायला नको म्हणजे झालं." मला असा संताप आला होता त्या दिवशी!

असा माणूस नाटकात आला कसा, तर अक्षरामुळे. ज्याच्या त्याच्या भूमिकेची नक्कल उतरवून द्यायचं काम मंडळानं त्यांना दिलं होतं, आणि उतरवता उतरवता त्यांना सगळ्यांचंच पाठ व्हायचं. एका वर्षी ऐन वेळी एकाला कावीळ झाली आणि वामनरावांना पुढे ढकललं गेलं. मग ते दर वर्षीचंच झालं. विंगेत उभं राहून प्रत्येक वेळी मला विचारायचे, "बाई, माझं पहिलं वाक्य काय?" मी सांगायची. "तेच ना? नक्की ना?" मग छत्री माझ्या हातात द्यायची, डोळे मिटायचे आणि रंगमंचावर जायचं.

नट म्हणून ते मोठे होते असं मी म्हणणार नाही. आवाज मधल्या रांगेच्या पुढे जायचा नाही. आवेश आणायचा म्हटलं की मान पुढे यायची आणि ते वर्गात उभं केलेल्या पोरासारखे दिसायचे. पण एक गोष्ट त्यांना यायची जी आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती, आणि ती येते हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षीच्या नाटकात थोरला मुलगा लढाईवर गेलेला असतो आणि तिसऱ्या अंकात त्याची तार येते असा प्रसंग होता. तार आणणाऱ्याला तेवढंच काम. तो बेटा खाकी कपडे घालून मांडवामागच्या चहावाल्याकडे गप्पा मारत बसला आणि विसरला. इकडे वामनराव म्हणाले, "आली वाटतं तार," आणि दाराकडे वळले. दारात कोणीच नाही. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली, तेच तांदूळ पुन्हा निवडायला लागले. दुसरा कोणी असता तर पदरचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. वामनरावांना पदरचं सुचायचंच नाही. ते नुसते थांबले. दारापर्यंत गेले, बाहेर डोकावले, परत आले. खुर्चीत बसले, उपरण्याचं टोक दुमडलं, उलगडलं, पुन्हा उठले. मांडवातली पोरंसुद्धा गप्प झाली. मागे कोणीतरी हुंदका दिलेला मला ऐकू आला. अखेर तो तारवाला धावत आला तेव्हा वामनरावांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की पहिल्या रांगेत मालतीबाई उठून उभ्याच राहिल्या.

पडदा पडल्यावर त्यांनी आधी छत्री मागितली. "मेलो हो बाई. नाटक घालवलं मी." लोक कौतुक करायला आले तर त्यांना वाटलं, चेष्टा करतायत. त्या गर्दीत एक काळासावळा, किडकिडीत तरुण होता. नाव रेगे, राहणारा कल्याणचा, मुंबईच्या एका स्टुडिओत कॅमेऱ्यावरच्या माणसाच्या हाताखाली काम करणारा. तो सरळ वामनरावांपुढे जाऊन म्हणाला, "मी एक चित्रपट काढतोय. त्यात तुम्हीच हवेत."

वामनराव दचकून म्हणाले, "का? काय झालं?"

रेग्यांच्या चित्रपटाला ना स्टुडिओ होता ना शेठ. मोठ्या कंपन्यांच्या फिल्मचे उरलेसुरले तुकडे ते मागून आणायचे, कॅमेरा एखाद्या रविवारी उसना मिळायचा, आणि काम करणारे आम्ही सगळे फुकटे. गोष्ट साधी होती. शहरात नोकरी करणाऱ्या एका माणसाला आई आजारी असल्याची तार येते. तो गावी निघतो. गाडी अडते, होडी चुकते, वाट चुकते, कुठे कुठे रात्र काढावी लागते, आणि तिसऱ्या दिवशी तो घराचं दार वाजवतो. आई स्वतः येऊन दार उघडते. संपलं. जवळजवळ सगळा वेळ तो माणूस एकटा, ताटकळणारा. आईचं काम माझ्याकडे आलं. इतकी वर्षं बायको होते ती एकदम आई झाले. चाळिशी नुकती कुठे उलटली होती, मला ते लागलंच. रेगे म्हणाले, "बाई, अंगावर जुनेर आणि केसांना राख, कोणाला कळायचं नाही." मी हो म्हटलं.

पहिली बैठक आमच्या ओटीवर झाली. रेगे म्हणाले, "गोष्ट तीन दिवसांची, पण अशी तुकड्यातुकड्यानं घेताना वर्ष-दीड वर्ष जाईल. तेव्हा वामनराव, तुमचे केस आणि मिशी आज आहेत तश्शीच राहिली पाहिजेत. न्हाव्यानं कात्री लावायची ती मी सांगेन तेवढीच." वामनरावांचे केस दाट, कानांवर उतरलेले, आणि मिशी ओठ झाकणारी. आम्हाला ही अट म्हणजे गंमत वाटली. वामनराव मात्र पांढरेफटक पडले.

"आणि अण्णांचं काही झालं तर?" ते म्हणाले.

बाप गेला की मुलानं डोकं आणि मिशी उतरवायची, आणि तीही त्याच दिवशी, हे आमच्यात कोणाला सांगायला लागत नव्हतं. वामनराव तर एकुलते एक. अण्णांच्या दम्यानं त्या हिवाळ्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. रेग्यांनी हा विचारच केलेला नव्हता. ते म्हणाले, "अण्णांना काही होत नाही हो." त्या दिवसापासून अण्णांचा खोकला आळीत वेगळ्याच कानांनी ऐकला जाऊ लागला.

मालतीबाईंना ते सगळंच अभद्र वाटत होतं. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं, आणि हे आजारपणाची खोटी तार खिशात घालून हिंडणार! तरी दर रविवारी त्या नवऱ्याच्या हातावर दही घालायच्याच. वामनरावांची दशा बघवत नव्हती. एकदा विहिरीवर मला म्हणाले, "बाई, मी रोज देवापुढे हात जोडतो, अण्णांना सांभाळ म्हणून. पूर्वीही जोडायचो. आता जोडताना मधेच अडखळतो. कशासाठी मागतोय तेच कळेनासं झालंय."

"मग सोडून द्या तो चित्रपट," मी म्हटलं.

"तेही होत नाही हो," ते म्हणाले. "तुम्हीच हवेत, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

पहिलं काम कोपरीला, खाडीलगतच्या मिठागरांत झालं. होडी चुकलेला माणूस बांधावर गाठोडं घेऊन बसलाय, असं घ्यायचं होतं. रेगे लांब कॅमेऱ्यामागे, मी त्यांच्या शेजारी छत्री धरून. कॅमेरा सुरू झाला आणि मिठाची टोपली डोक्यावर घेऊन एक म्हातारी बांधावरून सरळ वामनरावांपुढे येऊन उभी राहिली. तिला आम्ही दिसलोच नव्हतो.

"कुठं जातंस रं दादा? कवाधरशी बसलास."

रेगे हातवारे करतायत, पण वामनराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आईकडे निघालोय. बरं नाही तिला."

म्हातारीनं टोपली खाली ठेवली. "मंग रडतंस कशाला? भेटल तुला आई. पानी पी." तिनं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं, ते प्यायले, आणि तेवढ्यात फिल्मचा तो तुकडा संपला.

रेगे भलतेच खूश झाले. आवाज नंतर भरायचा होता, तेव्हा त्या म्हातारीचे शब्द मीच बोलले आणि फार वाईट बोलले. वामनराव मात्र परतताना सगळ्या वाटेवर एकच म्हणत होते, "मी तिला फसवलं हो." पुढच्या रविवारी कॅमेरा नव्हता, तर हे छत्री घेऊन एकटे कोपरीला गेले, म्हातारीला हुडकून काढलं आणि सांगितलं, की आजी, ते सोंग होतं, माझी आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. म्हातारीनं विचारलं, "आन् बापूस?" हे म्हणाले, "आहेत. आजारी असतात." "मंग इकरं काय करतंस? जा घरा." वामनराव तडक घरी आले आणि अण्णांच्या उशाशी बसून राहिले. अण्णांनी एक डोळा उघडून विचारलं, "काय रे, आज सोंगं नाहीत?"

रेगे शनिवारी संध्याकाळी कल्याणहून यायला लागले. कधी मोसंबी, कधी कोणीतरी सांगितलेलं औषध, एकदा तर ओळखीच्या डॉक्टरलाच घेऊन आले. मालतीबाई म्हणायच्या, "असा मुलगा पोटी यायला पुण्य लागतं." पण अण्णांनी जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेली. माणूस कशासाठी आलाय हे त्यांना माणूस बसायच्या आत कळायचं. इथे मात्र त्यांना काही केल्या उलगडा होईना.

तो गणपत न्हाव्यानं केला. महिन्यातून एकदा तो ओटीवर येऊन अण्णांची दाढी करायचा. मी विहिरीवर पाणी काढत होते. स्वतःचं झाल्यावर अण्णा म्हणाले, "आता वामनचं ते रान जरा साफ कर रे." गणपत धोकटी आवरायलाच लागला. "नाही अण्णा. त्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही अशी रेगेसाहेबांची ताकीद आहे." अण्णांनी विचारलं, "कुठवर?" गणपत म्हणाला, "शिनिमा पुरा होईस्तवर." अण्णांनी गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. मग एकदम हसायला लागले, हसण्याचा खोकला झाला, आणि मालतीबाई गरम पाणी घेऊन धावल्या.

शनिवारी रेगे मोसंबी घेऊन आले. योगायोगानं मीही तिथेच होते.

"बस," अण्णा म्हणाले. "किती राहिलंय?"

"काय, अण्णा?"

"तुमचं ते. मी किती ओढायचं ते एकदा सांग, म्हणजे तशी तयारी ठेवतो."

रेग्यांनी मान खाली घातली. दारात उभे असलेले वामनराव मेल्याहून मेल्यासारखे झाले. "अण्णा, तसं काही नाही हो..."

"तू गप्प बस. मी याला विचारतोय."

"चार-पाच रविवार," रेगे म्हणाले. "कॅमेरा मिळाला तर."

"आणि ती म्हातारी शेवटी जगते ना? का तिला मारून टाळ्या घेणार?"

उत्तर वामनरावांनी दिलं. "जगते, अण्णा. ती स्वतः दार उघडते."

"मग बघू," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मोसंबं सोलायला सांगितलं.

पण कॅमेरा मिळेना. मग पावसाळा लागला. गोष्ट उन्हातली, चार महिने तसेच गेले. दर शनिवारी अण्णा विचारायचे, "काय, मिळालं का यंत्र?" त्यांना धाप लागली की आमच्या घरी भावाच्या हातातली वाटी खाली ठेवली जायची. वामनराव कचेरीतून आले की आळीच्या तोंडाशी थांबून आधी घराकडे बघायचे, ओटीवर माणसं जमलेली नाहीत ना म्हणून. मगच पुढे पाऊल. दिवाळीनंतर लागोपाठ रविवार मिळाले आणि कामाला वेग आला. कल्याणच्या बाजूला, उल्हास नदीच्या काठी रेग्यांच्या ओळखीचं एक घर होतं. वामनराव वाटेनं येतात, फाटकाचा अडसर काढतात, अंगणात पाऊल टाकतात, इथपर्यंत झालं आणि उजेड गेला. "दार पुढच्या रविवारी," रेगे म्हणाले. दार तेवढंच राहिलं होतं.

अण्णा बुधवारी गेले. सकाळी चहा घेतला, "रविवारी दार ना रे?" म्हणून विचारलं, कुशीवर वळले आणि गेले.

माणसं जमली. कोणीतरी कल्याणला निरोप धाडला, रेगे आले. तयारी चालली असताना भटजी वामनरावांना सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णांनी मला बजावून ठेवलंय. वामननं केस उतरवायचे नाहीत. एक बट काढली तरी मला पोचेल, म्हणाले. प्रायश्चित्त काय असेल ते मी बघतो." वामनरावांनी ऐकलं. मडकं उचललं आणि ते पुढे झाले. गणपत धोकटी घेऊन कडेला उभा होता, तोही त्यांच्यामागून गेला.

बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही ओटीवर बसून राहिलो. अण्णांची खाट रिकामी होती, मालतीबाईंची पोर रडून रडून झोपली होती, आणि माझ्या मनात काय चाललं होतं तर केस. लाज वाटत होती, तरी तेच. शेजारच्या बायकाही एकमेकींकडे बघत होत्या, पण तोंडानं कोणी उच्चार करत नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा माणसं खाडीकडून परतताना दिसली. पुढे वामनराव. डोक्यावरून ओला पंचा घेतलेला, त्याचं टोक तोंडाशी धरलेलं. काही म्हणता काही कळेना. दाराशी ठेवलेलं कडुलिंबाचं पान उचलायला ते वाकले आणि पंचा खांद्यावर घसरला. डोकं कोरं होतं. मिशी गेल्यानं वरचा ओठ पांढरट, उघडा, लहान मुलासारखा दिसत होता. मालतीबाईंनी पुन्हा हंबरडा फोडला. रेगे विहिरीच्या काठाला टेकून दोन्ही हातांत तोंड झाकून उभे होते.

चार दिवसांनी मी धीर करून विचारलं, "अण्णांनी तर तुम्हाला मोकळं केलं होतं."

"म्हणूनच हो," वामनराव म्हणाले. "केस ठेवले असते ना बाई, तर मी देवाकडे इतके दिवस काय मागत होतो ते मला जन्मात कळलं नसतं. गणपतनं वस्तरा लावला तेव्हा मला चित्रपट आठवलासुद्धा नाही. अण्णाच आठवत होते. तेव्हा कळलं, मी त्यांनाच मागत होतो." आणि ते ओटीवर बसून मोकळेपणी रडले. मीही रडले.

तेरावा झाल्यावर रेगे आले. आले तेव्हा उतरलेल्या चेहऱ्याचे होते, पण बोलता बोलता त्यांची नजर वामनरावांच्या डोक्यावर खिळली. "वामनराव, एक सुचतंय," ते म्हणाले. "दार उघडायलाच नको. तुम्ही असेच, असं डोकं घेऊन, फाटकातून बाहेर पडताना घेऊ. आई गेली हे एक शब्द न बोलता कळेल. माणसाच्या अंगावर येईल. पुढच्या रविवारीसुद्धा होईल."

खरं सांगते, तो शेवट जास्त चांगला होता. इतकी वर्षं नाटकं केल्यावर तेवढं मला कळत होतं. वामनरावांनाही कळलं असावं. आयुष्यात कोणाला तोंडावर नाही न म्हटलेला तो माणूस म्हणाला, "नाही."

"अहो, पण..."

"अण्णांना सांगितलंय, म्हातारी जगते."

"वामनराव, अण्णा आता नाहीत."

"म्हणून तर आता बदलता येणार नाही. असते तर विचारलं असतं."

रेगे चिडले. केस वाढायला वर्ष जाईल, कॅमेरा मिळेल न मिळेल, ते घर तसंच राहील की नाही, आपली नोकरी टिकेल की नाही, असं पुष्कळ बोलले. वामनराव ऐकत राहिले आणि म्हणाले, "थांबू. थांबता मला येतं."

मग पुन्हा सगळी आळी त्यांच्या डोक्याकडे बघायला लागली, आता उलट्या काळजीनं. गणपत महिन्याला येऊन बोटांनी केस मोजायचा. मधे रेग्यांची नोकरी खरंच गेली आणि ते दोन महिने दिसले नाहीत. त्या घराचा मालक नवं दार बसवतोय असं कळलं तेव्हा वामनराव रजा टाकून कल्याणला गेले आणि त्याच्या हातापाया पडून आले. मला टायफॉइड झाला, तर हे रोज दाराशी उभे. "बाई, कशा आहात?" आपल्या काळजीनं येतात की चित्रपटातल्या दाराच्या, असा प्रश्न माझ्या मनात एकदा आला, आणि अण्णांची आठवण होऊन मला त्या तापातही हसू फुटलं. "आता काही व्हायला नको म्हणजे झालं," हे त्या वर्षी आम्ही सगळेच म्हणायला लागलो होतो.

वर्ष होत आलं तेव्हा रेग्यांनी कुठूनसा कॅमेरा आणला. फिल्म एकदाच घेता येईल एवढी. मी केसांना राख फासून आत अंधारात उभी. वामनराव आत आले. "बाई, माझं पहिलं वाक्य काय?"

"तुम्हाला वाक्यच नाही."

"हो, खरंच की." त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि ते बाहेर गेले. मी छत्री दारामागे टेकवून ठेवली.

कडी वाजली. मी दार उघडलं. आईला बघून त्यानं हसायचं असं ठरलं होतं. वामनरावांनी आधी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून आत, घरात बघितलं, तिथे आणखी कोणी आहे का असं. मग नजर माझ्यावर आली, आणि ते वाकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. हे ठरलेलं नव्हतं. माझा हात आपसूक त्यांच्या केसांवर गेला. रेगे फिल्म संपली तरी थांबा म्हणाले नाहीत.

पुढे वामनरावांना एक-दोघांनी बोलावलं. त्यांनी आणखी थोडी कामं केली, प्रत्येक वेळी आधी "का, काय झालं?" असं विचारून. आता तेही नाहीत. मला आठवतात ते ठाण्याच्या थिएटरातले. रेग्यांच्या चित्रपटाला सकाळचा एक खेळ मिळाला होता. निम्मं थिएटर रिकामं, बाकीची आमचीच माणसं. वामनराव माझ्या आणि मालतीबाईंच्या मधे, गुडघ्यांत छत्री धरून बसलेले. पडद्यावर तो माणूस वाटेनं आला. केस कानांवर उतरलेले, मिशी ओठ झाकणारी. फाटकाचा अडसर काढून त्यानं अंगणात पाऊल टाकलं. पुढच्याच क्षणी तो दाराशी उभा होता, आणि केस दोन बोटं आखूड होते, मिशी पातळ होती. रेग्यांनी जोड इतका सफाईनं दिला होता की थिएटरात कोणाच्या लक्षात आलं नाही. फाटक ते दार, चार पावलांचं अंगण, पापणी लवायला लागतो तेवढासुद्धा वेळ नाही.

वामनरावांचा हात डोक्याकडे गेला होता. ते माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, आत्ता अण्णा गेले."

पडद्यावर मी दार उघडलं.